घरी येण्यासाठी एक सही

भिकाईजी कामा म्हटलं की आपल्याला 1907 सालचं जर्मनीतलं स्टुटगार्ट आठवतं. समाजवाद्यांच्या परिषदेत हिंदुस्थानचा झेंडा फडकवणारी, साडीतली ती पारशी बाई! पण त्या झेंड्याची किंमत त्यांनी पुढे किती वर्षं मोजली, हे फारसं कुणी सांगत नाही.

1861 साली मुंबईतल्या सधन घरात त्यांचा जन्म झाला. 1885 मध्ये वकील रुस्तमजी कामांशी लग्न झालं. नवरा इंग्रजी राज्याचा चाहता, तर बायकोला स्वराज्याचा ध्यास. संसार काही जमला नाही. मुंबईत प्लेग आला तेव्हा रुग्णांची सेवा करता करता त्यांनाच प्लेगनं गाठलं. त्यातून वाचल्या, पण तब्येत ढासळली म्हणून उपचारांसाठी विलायतेला गेल्या. तिथे दादाभाई नौरोजींच्या सहवासात राजकीय कामात पडल्या. परतायची वेळ आली तेव्हा सरकारनं अट घातली, की चळवळीत भाग घेणार नाही असं लिहून द्या. त्यांनी साफ नकार दिला आणि पॅरिस गाठलं.

पण तिथेही पाठ सुटली नाही. युरोपातल्या हिंदी क्रांतिकारकांवर नजर ठेवायला 1909 मध्ये जॉन वॉलिंजर या पोलीस अधिकाऱ्याच्या हाताखाली वेगळं गुप्तचर खातंच उघडलं गेलं. भिकाईजींच्या 'वंदे मातरम्' पत्राला हिंदुस्थानात बंदी होती, तरी ते पाँडिचेरीमार्गे चोरून यायचंच. त्यांना ताब्यात द्या म्हणून इंग्रजांनी मागणी केली, ती फ्रान्सनं मानली नाही. पण 1914 मध्ये महायुद्ध सुरू झालं आणि दोन्ही सरकारं एका बाजूला आली. मग भिकाईजींना व्हिशी गावात स्थानबद्ध करण्यात आलं. 1917 मध्ये सुटका झाली, तीही दर आठवड्याला पोलिसांकडे हजेरी लावण्याच्या बोलीवर. विचार करा, पन्नाशी उलटलेली, आजारी, एकटी बाई!

1935 मध्ये त्या पक्षाघातानं अंथरुणाला खिळल्या. आता मायदेशी मरायचं, एवढीच इच्छा उरली होती. सरकारनं तेव्हासुद्धा राजकारण सोडल्याचं लिहून घेतलं, मगच येऊ दिलं. नऊ महिन्यांनी, 13 ऑगस्ट 1936 रोजी मुंबईच्या पारशी रुग्णालयात त्यांनी डोळे मिटले.

शेवटी त्या झुकल्या, असं कुणी म्हणेल. मला नाही तसं वाटत. तीसेक वर्षं जी सही दिली नाही, ती मरणाच्या दारात उभ्या असलेल्या बाईकडून मागून घेतली, यात कमीपणा असलाच तर तो मागणाऱ्याचा.

मैत्रिणींनो, खासगीपणा हा आपला मूलभूत हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयानं 2017 मध्ये स्पष्ट सांगितलं. तरी अजूनही ऐकू येतंच, की ज्याच्या मनात पाप नाही त्यानं कशाला घाबरायचं? भिकाईजींच्या मनात कुठलं पाप होतं? आपली बरीचशी संपत्ती त्या अनाथ मुलींच्या आश्रमाला देऊन गेल्या. अशा बाईवरही सरकारला पाळत ठेवावीशी वाटली. म्हणूनच हा हक्क निर्दोष माणसालाच जास्त लागतो.