तुकोबांच्या वाटेने ख्रिस्ताकडे : रेव्हरंड ना. वा. टिळक

टिळक म्हटले की लोकमान्यांची करारी मूर्ती डोळ्यांसमोर उभी राहते. परंतु त्याच काळात, त्याच रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेले आणखी एक टिळक महाराष्ट्राला लाभले. ते म्हणजे रेव्हरंड नारायण वामन टिळक. फुलामुलांचे कवी म्हणून आपण त्यांना ओळखतो. पण आपली श्रद्धा इतरांना सांगण्यासाठी आयुष्य वेचणारा माणूस म्हणून त्यांची ओळख मला लक्ष्मीबाई टिळकांचे ‘स्मृतिचित्रे’ वाचताना झाली. म्हणून हा अल्प लेखनप्रपंच.

टिळकांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजी करजगाव येथे चित्पावन ब्राह्मण कुटुंबात झाला. आई लवकर वारली. पुढे नाशिकला गणेशशास्त्री लेले यांच्यापाशी त्यांनी संस्कृतचे अध्ययन केले. १८८० साली लक्ष्मीबाईंशी विवाह झाला. पण संसारात स्थैर्य नव्हते. आज या गावी, तर उद्या त्या गावी. मनाला एकच तळमळ, की माणसामाणसांतील जातिभेद मोडणारा धर्म कोठे सापडेल?

१८९३ साली नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत त्यांना एक प्रवासी भेटला. त्याने टिळकांशी आपुलकीने चर्चा केली आणि बायबलची एक प्रत हाती दिली.  त्या पुस्तकातील डोंगरावरील प्रवचनाने टिळकांचे मन जिंकले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. एका अनोळखी माणसाच्या चार शब्दांतून एवढी मोठी गोष्ट घडली!

पण या निर्णयाची किंमत कोणी मोजली? लहानग्या दत्तूला घेऊन लक्ष्मीबाई माहेरच्या आधाराने पंढरपुरात राहू लागल्या. चार-पाच वर्षे नवरा-बायकोची ताटातूट झाली. हे प्रकरण वाचताना माझे डोळे भरून आले. आमच्या नवापूर तालुक्यात हा प्रश्न पुस्तकातला नाही. आमच्या घरी देवमोगरा मातेची पूजा होते. मामांचे घर ख्रिस्ती आहे. मामा दर रविवारी चर्चला जाऊ लागले, तेव्हा काही वर्षे दोन्ही घरांचे जाणेयेणे तुटले होते. आई भावाच्या आठवणीने चुलीपाशी बसून रडायची. धर्म सांगणाऱ्याने घरे तोडावीत काय, असा प्रश्न तेव्हापासून माझ्या मनात आहे.

टिळकांच्या चरित्रात मला त्याचे उत्तर सापडले. लक्ष्मीबाई पुढे अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, पतीकडे आल्या. तरी आरंभी त्यांनी आपले सोवळेओवळे सोडले नाही. स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळे. टिळकांनी बळजबरी केली नाही. ते बोलत राहिले, वाट पाहत राहिले. जातिभेद देवाने नव्हे तर माणसाने केला, हे लक्ष्मीबाईंना स्वतःच्या विचाराने पटले आणि मगच, १९०० साली, त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

टिळकांच्या प्रचाराची रीतही वेगळी होती. ख्रिस्ती झाले म्हणून त्यांनी मराठीपण टाकले नाही. तुकारामांच्या पुलावरूनच आपण ख्रिस्तापाशी पोहोचलो, अशी त्यांची भावना होती. परक्या चालीवरच्या भाषांतरित गीतांऐवजी त्यांनी अभंग व भजने रचली, ख्रिस्ताची कथा कीर्तनातून सांगितली. खेड्यातला माणूस टाळ ऐकून थांबतो, हे ते जाणून होते. १९१२ पासून त्यांनी ‘ज्ञानोदय’च्या मराठी विभागाचे संपादन केले. ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य त्यांच्या हातून अपुरे राहिले. ते लक्ष्मीबाईंनी पूर्ण केले.

आपल्या खानदेशाशीही त्यांचा स्नेहाचा धागा आहे. धरणगावचे बालकवी ठोंबरे टिळकांच्या घरी मुलासारखे राहिले. १९०७ च्या जळगावच्या कविसंमेलनाने ज्यांचे नाव महाराष्ट्रभर झाले, ते हेच बालकवी. ते ख्रिस्ती झाले नाहीत, म्हणून टिळकांची माया तसूभरही कमी झाली नाही. सांगणे आपल्या हाती, स्वीकारणे दुसऱ्याच्या हाती, ही मर्यादा त्यांनी पाळली.

१९१७ साली मिशनची पगारी नोकरी सोडून टिळकांनी साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले, दोघांनाही तेथे जागा होती. पण हे कार्य बहरण्यापूर्वीच ९ मे १९१९ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.

आज धर्मप्रसार म्हटले की एकीकडे संशय आणि दुसरीकडे घाई दिसते. ज्याला काही मोलाचे गवसले, त्याला ते दुसऱ्यास सांगावेसे वाटणारच. त्याचे तोंड बंद करणे न्यायाचे नाही. पण ऐकणाऱ्याची भाषा, त्याची गाणी आणि त्याचा नकार यांचाही मान राखला पाहिजे. आम्ही घरी मावची बोलतो. मराठी ही माझी शाळेत शिकलेली भाषा. टिळकांनी मराठी माणसाला जसे त्याच्या अभंगातून सांगितले, तसे आमच्या आजीला कोणी तिच्या मावचीतून, तिच्या गाण्याच्या चालीवर सांगितले, तर ती निदान ऐकून तरी घेईल. पटले नाही, तरी सांगणाऱ्याला भाकरी खाल्ल्याशिवाय उठू देणार नाही.

— द्वितीय वर्ष, कला