वालचंद हिराचंद यांची वाट आणि आपली वाट

दहावीचा निकाल लागला की सोलापुरात सर्वाधिक चर्चा होते ती अभियांत्रिकीच्या शिक्षणाची, आणि त्या चर्चेत ‘वालचंद’ हे नाव येतेच. येथील वालचंद इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी १९८३ साली सुरू झाली. सांगलीचे अभियांत्रिकी महाविद्यालय १९४७ साली स्थापन झाले व पुढे त्यास वालचंदांचे नाव मिळाले. मात्र ज्यांच्या नावाने या संस्था ओळखल्या जातात, त्या वालचंद हिराचंद दोशी यांच्याजवळ अभियांत्रिकीची, किंबहुना कोणतीच पदवी नव्हती. म्हणूनच त्यांच्या चरित्राचा अर्थ विद्यार्थ्यांनी नीट लावून घेतला पाहिजे.

वालचंदांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापुरात झाला. घराणे सावकारी व कापसाच्या व्यापारातील. येथे शालेय शिक्षण घेऊन ते मुंबई व पुणे येथील महाविद्यालयांत शिकले. परंतु शिक्षण अर्धवट सोडून घरच्या व्यवसायात परतले. तेथेही त्यांचे मन रमले नाही. रेल्वेतील माजी कारकून लक्ष्मणराव फाटक यांच्याशी भागीदारी करून ते रेल्वेचे ठेकेदार झाले. बार्शी लाइट रेल्वेच्या कामापासून सुरू झालेली ही वाटचाल पुढे बोरघाटातील बोगदे आणि तानसा तलावाची जलवाहिनी येथवर पोहोचली.

१९१९ साली त्यांनी सहकाऱ्यांसह सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी उभारली. ५ एप्रिल १९१९ रोजी त्यांचे ‘लॉयल्टी’ हे जहाज मुंबईहून लंडनकडे निघाले; तो दिवस आज राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो. १९४० साली बंगळूर येथे विमानांचा कारखाना, १९४१ साली विशाखापट्टणम येथे जहाजबांधणीचा कारखाना आणि १९४४ साली मोटारींसाठी प्रीमियर ऑटोमोबाईल्स, असा हा विस्तार झाला. ८ एप्रिल १९५३ रोजी त्यांचे निधन झाले.

यावरून पदवी निरुपयोगी ठरते काय? तसे मुळीच नाही. बोगदा, जहाज, विमान यांपैकी एकही वस्तू अभियंत्यांच्या ज्ञानावाचून उभी राहिली नसती. वालचंदांनी ते ज्ञान जाणणारी माणसे जोडली. शिवाय महाविद्यालय सोडताना त्यांच्या पाठीशी घरची पेढी होती. अपयश आले असते तरी चूल विझली नसती. ज्याची आई विड्या वळते आणि वडील यंत्रमागावर राबतात, त्या मुलाला हा आधार नाही. त्याच्यासाठी पदवी हेच भांडवल आहे. म्हणून वालचंदांचे धाडस घ्यावे, त्यांचे अर्धवट शिक्षण घेऊ नये.

परंतु पदवी हवी म्हणजे ती अभियांत्रिकीचीच हवी, असेही नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. पाटबंधारे व वीज हे विषय त्यांच्या अखत्यारीत होते आणि दामोदर खोरे योजनेच्या आखणीस त्यांनी दिशा दिली. बाबासाहेब अभियंता नव्हते. अर्थशास्त्र व कायदा हे त्यांचे विषय. पण त्या विषयांत त्यांनी कोलंबिया व लंडन येथे अखेरची पायरी गाठली होती. राष्ट्राच्या उभारणीला अभियंता लागतो, तसाच अर्थतज्ज्ञ आणि कायदेपंडितही लागतो.

तेव्हा निवड करताना शेजाऱ्याच्या मुलाकडे पाहू नये. गणित व भौतिकशास्त्र यांचा अवघड प्रश्न सुटेपर्यंत आपण त्याला धरून बसतो का? यंत्र उघडून पाहावेसे, बांधकामाजवळ थांबावेसे वाटते का? उत्तर होकारार्थी असेल, तर पैशांच्या चिंतेने माघार घेऊ नये. दहावीनंतर तीन वर्षांची पदविका घेऊन पदवीच्या दुसऱ्या वर्षात प्रवेश मिळवण्याचा मार्ग आहे, शिष्यवृत्तीही आहे. मात्र जात वैधता प्रमाणपत्राचे काम वेळीच हाती घ्यावे. उत्तर नकारार्थी असेल, तर तेही आईवडिलांना मोकळेपणाने सांगावे. चार वर्षे मन मारून शिकण्यात आणि मध्येच सोडून देण्यात घराचे होणारे नुकसान सारखेच आहे.