पेटीवाले टेंबे

कीबोर्डवाल्याचा डावा हात कधी कुणी बघितलाय का? सगळ्यांचं लक्ष उजव्या हाताकडे, कारण गाण्याची ओळखीची धून तिथून येते. पण आमच्या घाटनांदूरकडे लग्नाला नाहीतर जत्रेला जो ऑर्केस्ट्रा येतो, त्यात बेस गिटार जवळजवळ नसतेच. दोन गाणारे, एक ऑक्टोपॅड, एक ढोलकी आणि एक कीबोर्ड, संपली टीम! मग बेस कोण देणार? कीबोर्डवालाच. तो 'स्प्लिट' ऑन करतो, म्हणजे डावीकडच्या पट्ट्यांतून बेसचा आवाज आणि उजवीकडच्या पट्ट्यांतून बासरी, व्हायोलिन, जे हवं ते. कॉर्ड बदलली की डाव्या हाताने खालचा सूर बदलायचा, ढोलकीचा ठोका सोडायचा नाही आणि त्याच वेळी उजव्या हाताने म्युझिक पीस वाजवायचा. एका माणसाने दोन माणसांचं काम करायचं, आणि टाळ्या मात्र गाणाऱ्याला.

या लोकांचे आपल्याकडचे पणजोबा कोण असतील, असा विचार करताना मला सापडले गोविंद सदाशिव टेंबे. जन्म 5 जून 1881. कर्मभूमी कोल्हापूर. आमच्या कॉन्व्हेंटच्या पुस्तकांत मोझार्ट, बीथोव्हेन होते, टेंबे नव्हते, म्हणून मला त्यांचं जरा जास्तच कौतुक वाटलं असेल. असो.

आधी पेटीचं थोडं इंजिनिअरिंग. हार्मोनियम मूळची फ्रान्सची. 1842 मध्ये देबॅं नावाच्या पॅरिसच्या कारागिराने तिचं पेटंट घेतलं. ती पायाने भाता मारून वाजवायची, त्यामुळे दोन्ही हात मोकळे. पण आपले लोक जमिनीवर मांडी घालून बसणारे. म्हणून कलकत्त्यात द्वारकानाथ घोष यांनी हाताने भाता मारायची पेटी बनवली. पेटी स्वस्त झाली, उचलून नेता येऊ लागली, पण डावा हात कायमचा भात्यात अडकला. म्हणजे बेसचा प्रश्नच मिटला! खालचा आधार तानपुऱ्याने द्यायचा, घुमारा डग्ग्याने, आणि बाकी सगळं एका उजव्या हाताने.

टेंबे या एका हाताचे बादशहा. पेटी त्यांनी मुख्यतः ऐकून ऐकूनच आत्मसात केली. त्यांचं नशीब असं की शाहू महाराजांच्या कोल्हापुरात अल्लादियाखाँ दरबारी गायक होते. भास्करबुवा बखल्यांना तर ते गुरूच मानत आणि त्यांच्या मैफलीत पेटीची साथ करत. पूर्वी ही जागा सारंगीची. सारंगी गळ्यासारखी घसरत जाते, पेटीला तुटक तुटक पट्ट्या. गवय्या पुढच्या क्षणाला काय घेणार हे माहीत नाही, नोटेशन नाही, रिहर्सल नाही. त्याच्या मागून अर्धं पाऊल चालायचं, आणि तो श्वास घ्यायला थांबला की ती रिकामी जागा भरून काढायची. माझ्या मते हे स्टेजवर सोलो वाजवण्यापेक्षा कितीतरी अवघड आहे.

टेंबे फक्त साथीदार म्हणून राहिले असते तर आज त्यांचं नाव कुणी घेतलं असतं की नाही, मला शंका आहे. 1911 मध्ये किर्लोस्कर नाटक मंडळीने खाडिलकरांचं 'मानापमान' रंगमंचावर आणलं. चाली टेंब्यांच्या. त्यांनी बैठकीतल्या ठुमरी, कजरीच्या ढंगाच्या चाली थेट नाटकात आणल्या, आणि बालगंधर्वांच्या गळ्यातून त्या घरोघरी गेल्या. गंमत म्हणजे इथे चाल आधी आणि शब्द नंतर. म्हणजे पेटीवाला पुढे आणि नाटककार मागे!

1913 मध्ये बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि टेंबे या तिघांनी गंधर्व नाटक मंडळी काढली. पण टेंबे तिथे फार काळ रमले नाहीत. 1915 मध्ये त्यांनी स्वतःची शिवराज नाटक मंडळी काढली. पुढे बोलपट आले. 1932 मध्ये प्रभातचा 'अयोध्येचा राजा' आला, मराठीतला पहिला बोलपट. त्याचं संगीत टेंब्यांचं, आणि पडद्यावर राजा हरिश्चंद्रही तेच! सोबत तारामती दुर्गा खोटे. तेव्हा प्लेबॅक नव्हता, शूटिंग चालू असतानाच गायचं आणि वाजवणारे कॅमेऱ्याच्या बाहेर लपून बसलेले. आयुष्यभर दुसऱ्याच्या मागे बसलेला माणूस पन्नाशीत पहिल्यांदा कॅमेऱ्यासमोर उभा राहिला, आणि त्याचे साथीदार मात्र फ्रेमच्या बाहेर. त्यानंतर 'माया मच्छिंद्र', 'सिंहगड', 'सैरंध्री'. 1939 मध्ये त्यांनी 'माझा संगीत व्यासंग' हे पुस्तकही लिहिलं.

आणि पुढच्याच वर्षी, 1940 मध्ये, आकाशवाणीने पेटीवर बंदी घातली. कारण असं की तिचे सूर पट्ट्यांना बांधलेले, मींड निघत नाही, श्रुती लागत नाहीत, ती परदेशी आहे. रवींद्रनाथ टागोरांसारख्या मोठ्या माणसालाही ती आवडत नव्हती. तांत्रिकदृष्ट्या आरोप खरे आहेत, ते मी नाकारत नाही. दोन सुरांच्या मधली जागा पट्टीला घेताच येत नाही. पण ज्याने तीस-चाळीस वर्षं त्याच पट्ट्यांवर दिग्गजांना साथ केली, त्याला काय वाटलं असेल? जे वाद्य खेड्यापाड्यांतल्या भजनात, कीर्तनात, तमाशात रोज वाजत होतं, ते सरकारी रेडिओवर अस्पृश्य ठरलं. मला तरी हे डोक्याने पटतं, मनाने पटत नाही.

9 ऑक्टोबर 1955 ला टेंबे गेले, तेव्हाही बंदी चालूच होती. ती सैल झाली 1971 मध्ये, तीसुद्धा अटी घालून.