साडेसात मैलांची साखळी

रविवारी पहाटे गंगापूर रोडवर धावून आलेले तिघे मित्र चहाच्या टपरीपाशी थांबतात आणि मनगटे शेजारी धरतात. निघाले एकत्र, थांबले एकत्र. एकाच्या घड्याळात 10 किलोमीटर, दुसऱ्याच्या 10.2, तिसऱ्याच्या मोबाइलमध्ये 9.8. किती मीटर चढलो हा आकडा तर कुणाचाच कुणाशी जुळत नाही. मग कुणाचे घड्याळ महागाचे, यावर वाद संपतो. अंतर खरे किती, हा प्रश्न तसाच राहतो.

याच प्रश्नापायी उतारवयातली वीस वर्षे उन्हातान्हात काढणारा एक माणूस आपल्याच राज्यात, वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला, 20 जानेवारी 1823 रोजी मरण पावला. त्याचे नाव विल्यम लॅम्बटन. भारताच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचा पाया त्यांनी घातला. पुढे एव्हरेस्ट हे नाव जगाच्या तोंडी बसले, पण ती रेषा ओढायला सुरुवात केली ती लॅम्बटन यांनी.

इंग्लंडमधल्या यॉर्कशायर परगण्यात एका साध्या घरात त्यांचा जन्म झाला. नेमके वर्ष सांगता येत नाही, 1753 ते 1756 च्या दरम्यानचे. गणितात डोके चांगले चाले, पण हाताशी पैसा नव्हता. म्हणून ते सैन्यात गेले आणि उत्तर अमेरिकेत पोचले. तिथे सूर्यग्रहण पाहताना त्यांच्या एका डोळ्याची दृष्टी अधू झाली. सूर्याकडे थेट किंवा दुर्बिणीतून पाहिल्यावर डोळ्याच्या पडद्याचा मधला, सर्वांत बारीक पाहणारा भाग भाजतो. तिथे वेदना जाणवणाऱ्या नसा नसल्यामुळे त्या क्षणी काहीच दुखत नाही, आणि म्हणूनच माणूस पाहत राहतो. दर ग्रहणानंतर डोळ्यांच्या बाह्यरुग्ण विभागात अशी दोन-चार तरुण मुले आजही येतात. लॅम्बटन यांनी पुढे दुर्बिणीतून लाखमोलाची निरीक्षणे केली, ती उरलेल्या चांगल्या डोळ्याच्या जोरावर.

भारतात आले तेव्हा ते चाळिशी ओलांडलेले होते. 1799 मध्ये टिपू सुलतानाविरुद्धच्या श्रीरंगपट्टणच्या मोहिमेत एक प्रसंग घडला. जनरल बेअर्ड यांची तुकडी रात्रीच्या अंधारात परत छावणीकडे निघाली होती. लॅम्बटन यांनी आकाशाकडे पाहिले आणि तुकडी दक्षिणेऐवजी उत्तरेला, म्हणजे थेट शत्रूच्या दिशेने चालल्याचे ओळखले. बेअर्ड यांना ते पटले नाही. उजेड करून होकायंत्र पाहिल्यावर तारेच बरोबर निघाले आणि तुकडी वेळीच वळली. रस्ता चुकलेल्या माणसाला आपण चुकलो असे वाटत नसते. बाहेरचा काहीतरी आधार लागतो.

युद्ध संपल्यावर त्यांनी दक्षिण भारत समुद्रापासून समुद्रापर्यंत मोजण्याची योजना मांडली आणि ती मंजूर झाली. साधने मिळाली तीही अजबच होती. 100 फुटी पोलादी साखळी मुळात चीनच्या सम्राटाला भेट म्हणून गेलेली आणि तिथे नाकारली गेलेली. कोन मोजण्याचा थिओडोलाइट लंडनहून निघाला, पण वाटेत फ्रेंचांनी जहाज पकडले आणि सुमारे अर्धा टन वजनाचे ते यंत्र मॉरिशसला गेले. तिथल्या फ्रेंच गव्हर्नरने ते सन्मानाने परत पाठवले.

एप्रिल 1802 मध्ये मद्रासजवळच्या सेंट थॉमस माउंटपासून पहिली मोठी पायारेषा मोजायला सुरुवात झाली. लांबी साडेसात मैल, म्हणजे जेमतेम 12 किलोमीटर. नाशिकच्या सायकलस्वाराला अर्धा-पाऊण तास पुरेल. लॅम्बटन यांना लागले 57 दिवस. कारण पोलाद उन्हात वाढते. तापमान 10 अंश सेल्सिअसने वाढले तर 100 फुटांची साखळी जेमतेम साडेतीन मिलिमीटरने लांबते. पण तीच साखळी 400 वेळा टाकली की 12 किलोमीटरमध्ये सव्वा-दीड मीटरची चूक साचते. म्हणून साखळी जमिनीवर न टाकता तिवयांवर ठेवलेल्या लाकडी पेट्यांत ताणायची, वर सावली धरायची आणि थर्मामीटर वाचून प्रत्येक वेळी हिशेब दुरुस्त करायचा.

एक बाजू अचूक मिळाली की पुढे फक्त कोन मोजायचे. त्रिकोणाला त्रिकोण जोडत ते बंगळुरूपर्यंत गेले. तिथे 1804 मध्ये त्यांनी दुसरी पायारेषा पुन्हा साखळीने मोजली. कागदावरचा हिशेब आणि जमिनीवरची मोजणी यांत फरक निघाला 3.7 इंचांचा, म्हणजे सुमारे साडेनऊ सेंटिमीटरचा. त्याच कामातून मद्रास आणि मंगळूर यांच्यामधले अंतर जुन्या नकाशांत सुमारे 40 मैलांनी जास्त दाखवल्याचेही उघड झाले. ज्यांचे नकाशे चुकीचे ठरले, ते अर्थातच खूश झाले नाहीत.

या माणसाचे वेगळेपण अचूक मोजण्यात होतेच, पण मोजलेले पुन्हा तपासण्यात अधिक होते. आजच्या घड्याळाला ते करायची सोय नसते. मोकळ्या आकाशाखाली साध्या मोबाइलची उपग्रहांवरून ठरवलेली जागा साधारण 5 मीटर इकडे-तिकडे असते. उंच इमारती आणि दाट झाडीत ती आणखी हलते. सरळ रस्त्यावर हे हेलकावे जोडले की रेषा नागमोडी होते आणि अंतर वाढते. उलट ट्रॅकच्या वळणावर ठिपके सरळ रेषेने जोडले गेले की अंतर घटते. आधीच नकाशावर आखलेला रस्ता या दोन्हींपेक्षा वेगळा आकडा देतो, कारण तो रस्त्याच्या मध्यावरून जातो आणि धावणारा तसा जात नाही. टपरीवरचे तिघेही खोटे बोलत नव्हते.

चढाचे त्याहून अवघड. अनेक संकेतस्थळे उंची घेतात ती 2000 साली अवकाशयानातून रडारने केलेल्या मोजणीवरून. तिच्यात जमिनीचे साधारण 30 मीटरचे चौकोन आहेत आणि झाडांचे शेंडेही जमिनीत धरले गेले आहेत. कसारा घाटासारख्या डोंगर कापून काढलेल्या रस्त्यावर ठिपका एक चौकोन सरकला की सायकल कागदावर दरीत जाते आणि पुन्हा कड्यावर चढते. हवेच्या दाबावरून उंची सांगणारे घड्याळ इथे बरे, पण दाब 1 मिलिबारने उतरला तर ते 8-9 मीटर चढ दाखवते. पावसाळ्यात घरी बसूनही डोंगर चढता येतो तो असा.

हा काही केवळ हौशी लोकांचा प्रश्न नाही. 70 किलो वजनाच्या माणसाला 100 मीटर उंची चढायला लागणारी ऊर्जा ढोबळमानाने सपाटीवर 1 किलोमीटर धावण्याएवढी असते. कसारा ते इगतपुरी उंचीचा फरक सुमारे 300 मीटर आहे. हृदयविकाराच्या उपचारानंतर ज्याला सपाटीवर ठरावीक अंतर चालायला सांगितले आहे, त्याने तेवढेच अंतर चढाच्या रस्त्यावर चालून मोबाइलमध्ये तोच आकडा पाहिला, तर त्याच्या हृदयाने केलेले काम तेवढेच नसते. फुप्फुसाच्या रुग्णांची सहा मिनिटे चालण्याची चाचणी फितीने मोजून खुणा केलेल्या 30 मीटरच्या मार्गिकेतच घेतात, ती यासाठी. उपचाराने सुमारे 30 मीटर जास्त चालता आले तरी तो रुग्णाच्या दृष्टीने खरा फायदा मानला जातो. दर वळणावर 5 मीटर चुकणाऱ्या यंत्रात तो फायदा बुडून जाईल, किंवा नसलेला दिसेल.

मॅरेथॉनचा मार्गही घड्याळाने मोजत नाहीत. सायकलच्या चाकाला गणक लावतात. आधी पोलादी फितीने मोजलेल्या किमान 300 मीटरच्या सरळ पट्ट्यावर ती सायकल चालवून पाहतात, मग मार्ग मोजतात आणि नंतर पुन्हा त्याच पट्ट्यावर येतात. कारण ऊन चढले की टायरमधली हवा फुगते आणि चाक बदलते. शिवाय दर किलोमीटरला 1 मीटर जास्त धरतात, म्हणजे मार्ग कमी भरायला नको. लॅम्बटन यांना ही रीत ओळखीची वाटली असती.

1808 मध्ये तंजावरच्या मोठ्या मंदिराच्या शिखरावर थिओडोलाइट चढवताना दोर तुटला. यंत्र भिंतीवर आदळले आणि त्याचे मोठे वर्तुळच वाकडे झाले. वाकडे वर्तुळही कोन दाखवतेच, फक्त प्रत्येक कोन खोटा. दुसरे यंत्र यायला वर्षे लागली असती. लॅम्बटन यांनी ते सुटे केले आणि सुमारे सहा आठवडे खपून, पाचरी आणि कप्प्या वापरून, वर्तुळ पुन्हा गोल केले.

कन्याकुमारीकडून निघालेली रेषा हैदराबाद संस्थान ओलांडून वऱ्हाडाकडे सरकत होती. 1818 मध्ये जॉर्ज एव्हरेस्ट मदतनीस म्हणून आले. त्याच सुमारास हेन्री व्हॉयसी हे डॉक्टरही सर्वेक्षणात दाखल झाले, भूगर्भाचे निरीक्षण हे त्यांचे दुसरे काम. डॉक्टरांची गरज होतीच. पुढच्याच वर्षी कृष्णा-गोदावरीमधल्या जंगलात पावसाळी तापाने एव्हरेस्ट आणि त्यांची माणसे आडवी झाली. काही दगावली. तो ताप डास पसरवतात हे कळायला 1897 साल उजाडायचे होते. एव्हरेस्ट यांना बरे होण्यासाठी दक्षिण आफ्रिकेच्या टोकाला पाठवावे लागले. व्हॉयसी 1824 मध्ये प्रवासातच गेले.

लॅम्बटन सत्तरीच्या आसपास होते आणि प्रकृती ढासळत चालली होती. या वयात एका जागी बसून हिशेब तपासायला कुणाची हरकत नव्हती. पण मुक्काम हैदराबादहून नागपूरला हलवायचा त्यांचा बेत होता आणि त्या वाटेवर हिंगणघाटला ते थांबले ते कायमचे. कबर तिथेच आहे. एव्हरेस्ट यांनी ती रेषा पुढे हिमालयाच्या पायथ्यापर्यंत नेली. 1830 मध्ये त्यांनी पृथ्वीच्या आकाराचे जे माप मांडले त्यात लॅम्बटन यांच्या मोजणीचा मोठा वाटा होता, आणि भारताचे सरकारी नकाशे या शतकाच्या सुरुवातीपर्यंत त्याच मापावर निघत होते.