महाडची बातमी कोणी कशी मांडली?

सन १९२०. बाबासाहेब तेव्हा मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक होते. शाहू महाराजांनी अडीच हजार रुपये दिले आणि ३१ जानेवारीला ‘मूकनायक’ निघाले. संपादक म्हणून नाव पांडुरंग नंदराम भटकर यांचे असले, तरी पहिला अग्रलेख बाबासाहेबांचाच. बहुतेक पत्रे आपापल्या जातीचे हित पाहतात आणि अस्पृश्यांच्या प्रश्नांची चर्चा करणाऱ्या ब्राह्मणेतर पत्रांतही त्यासाठी पुरेशी जागा नसते, असे त्यांनी त्यात मांडले. ‘केसरी’ने तर पैसे घेऊनही ‘मूकनायक’ची जाहिरात छापायला नकार दिला होता.

त्याच वर्षी ते शिक्षणासाठी लंडनला गेले. मागे पत्र रखडले, १९२३ला बंद पडले.

पुढे २० मार्च १९२७ला महाडला चवदार तळ्याचे पाणी प्यायले गेले. अस्पृश्य आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार, अशी अफवा उठली आणि परिषदेला आलेल्या लोकांना मारहाण झाली. दोनच आठवड्यांत, ३ एप्रिलला, ‘बहिष्कृत भारत’ सुरू झाले. तळे बाटले की नाही, या वादात बाबासाहेब अडकले नाहीत. सार्वजनिक पाणवठे खुले करणारा बोले ठराव १९२३चा, महाड नगरपालिकेचा ठराव १९२४चा. मग हक्क बजावणारे गुन्हेगार कसे, हा प्रश्न त्यांनी पुढे आणला. विरोधी पत्रांची टीका टाळली नाही, तिला मुद्देसूद उत्तरे दिली.

गावोगाव काम करताना आजही दिसते. वस्तीवर बहिष्कार पडतो आणि स्थानिक पानावर छापून येते, दोन गटांत वाद. मग तहसील कार्यालयापासून चहाच्या टपरीपर्यंत सगळ्यांच्या तोंडी तेच. आपल्या पोरांनी ‘बहिष्कृत भारत’चे जुने अंक काढून वाचावेत, असे अशा वेळी फार वाटते.

त्या पत्राचे चोवीस चोवीस रकाने बाबासाहेब एकटे लिहीत. सोबत वकिली, सोबत चळवळ. वाचणारा समाज गरीब, वर्गणी जमेना. १९२९ला हेही पत्र थांबले. पण २४ नोव्हेंबर १९३०ला देवराव नाईकांच्या संपादकत्वाखाली ‘जनता’ निघाले आणि ते पंचवीस वर्षे टिकले. ४ फेब्रुवारी १९५६ला त्याचेच ‘प्रबुद्ध भारत’ झाले. नागपूरची धम्मदीक्षा तेव्हा आठ महिन्यांवर होती. ६ डिसेंबरला बाबासाहेब गेले, तेव्हा पत्र चालू होते.