मोजायला शिकवणारे शिक्षक : क्लॉड बॅटली



नाशिकहून एसटीने तुम्ही मुंबई सेंट्रलला उतरलात, की जवळच रेल्वेचे मोठे स्टेशन आहे. १९३० साली सुरू झालेल्या या स्टेशनाचा आराखडा क्लॉड बॅटली यांचा. आज त्यांचीच ओळख करून घेऊ.

बॅटली यांचा जन्म १८७९ मध्ये इंग्लंडमधील इप्सविच या गावी झाला. १९१३ साली ते मुंबईत आले आणि इथलेच झाले. 'ग्रेगसन, बॅटली अँड किंग' या आर्किटेक्ट मंडळींच्या कंपनीचे ते भागीदार होते. मलबार हिलवरचा जिनांचा बंगलाही त्यांनीच १९३६ च्या सुमारास उभारला.

पण मला ते जवळचे वाटतात ते शिक्षक म्हणून. १९२३ ते १९४३ अशी वीस वर्षे ते जे. जे. मध्ये वास्तुकला शिकवणाऱ्या विभागाचे प्रमुख होते. तेव्हा मोठी इमारत म्हणजे विलायतेची नक्कल, असाच अनेकांचा समज. बॅटली साहेबांनी मात्र मुलांना इथल्याच जुन्या इमारतींकडे नेले. टेप लावायची, खांब, कमानी, जाळ्या मोजायच्या आणि मापानुसार चित्र काढायचे. आपल्या उन्हापावसाला कोणते घर मानवते, हे जुन्या गवंडी-सुतारांना ठाऊक होते, असे ते मानत. अशा अभ्यासातून १९३४ मध्ये त्यांचे भारतीय वास्तुकलेवरचे पुस्तक निघाले. कोकणातल्या आचऱ्याचे अच्युत कानविंदे त्यांच्याच काळात तिथे शिकले आणि पुढे त्यांनी आयआयटी कानपूरच्या इमारती उभ्या केल्या.

१९५६ मध्ये बॅटली यांचे मुंबईतच निधन झाले.

आता आपल्या नाशिकचे बघा. सराफ बाजारातला सरकारवाडा टिकला. पण आमच्या शाळेच्या वाटेवरचा एक जुना वाडा मागच्या वर्षी पाडला. रोज त्याच्यासमोरून जायचो, पण त्याचा चौक किती फुटांचा होता, ओसरीला खांब किती होते, हे आज मलाही सांगता येत नाही. वाईट वाटते ते याचेच. वाडा वाचवणे आपल्या हातात नसेल, पण त्याचे माप वहीत उतरवणे तर होते ना!

म्हणून या सुट्टीत एवढे कराच. आजीचे घर असो की गल्लीतला वाडा, घरच्यांना विचारून आत जा. दार, खिडकी, ओसरी, चौक मोजा आणि चौकटीच्या वहीत नकाशा काढा. एक फूट म्हणजे एक चौकट धरा. खाली तारीख लिहायला विसरू नका हं!