ताजमहाल, वेरूळ आणि जपानी ठसे: कोण होते हिरोशी योशिदा?

१९२३च्या भूकंपानंतर टोकियोत आगडोंब उसळला. चित्रकार हिरोशी योशिदा यांचे लाकडी ठसे प्रकाशकाच्या दुकानासोबत जळून गेले.

१८७६ मध्ये कुरुमे इथं जन्मलेले योशिदा मग चित्रं विकायला अमेरिकेत गेले. तिथं जपानी छापचित्रांना मागणी दिसली. १९२५ मध्ये, पन्नाशीच्या उंबरठ्यावर, त्यांनी प्रकाशकावर अवलंबून न राहता स्वतःची कार्यशाळा काढली. कारागीर होते, पण कोरण्यापासून छपाईपर्यंत देखरेख त्यांचीच. इजिप्तच्या स्फिंक्सचा दिवस आणि रात्र त्यांनी त्याच ठशांवर, फक्त रंग बदलून छापली.

१९३०-३१ मध्ये ते भारतात फिरले. ताजमहालासोबत आपली अजिंठा-वेरूळची लेणीही जपानी कागदावर उमटली. १९५० मध्ये त्यांचं निधन झालं.